नदीअलीकडची मंडई

"मावशी, अजंठा नको. अजंठा सगळेच सांगतात. तुम्ही तिथल्या ना? मग तिथलं सांगा."

केतकीने माझ्या जेवणाच्या टेबलावर महाराष्ट्राचा नकाशा पसरला होता, आणि तो गुंडाळला जाऊ नये म्हणून चारी कोपऱ्यांवर माझेच वाडगे ठेवले होते. ती आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायची. आडनाव ओक, पण जन्म दिल्लीचा, शाळा दिल्लीची, आणि मराठी अशी की मध्येच हिंदीची फोडणी. नुकतंच लग्न झालं होतं. नवरा विनीत लखनौचा. तो बिचारा माझा चिवडा खात बसला होता. दोघांना दिवाळीची रजा मिळाली होती आणि नवऱ्याला 'आपला महाराष्ट्र' दाखवायचा, असं तिने ठरवलं होतं. स्वतः मात्र तिने तो कधी पाहिलेला नव्हता.

"तिथलं म्हणजे काय गं?" मी म्हटलं. "महाराष्ट्र काय माझ्या परसात आहे?"

"पण सगळे म्हणतात, महाराष्ट्रात जायचं असेल तर आधी नेगी मावशीकडे जा."

ते मात्र खरं होतं. त्या अख्ख्या कॉलनीत मराठी अशी मी एकटीच म्हातारी. कुणी शिर्डीला निघो की मुंबईला, आधी माझ्याकडे चक्कर. काय पाहायचं, कुठे राहायचं, काय खायचं? मी ठसक्यात सांगायची. आणि आता तुम्हाला सांगायला हरकत नाही, मी त्यातलं काही म्हणजे काहीच पाहिलेलं नव्हतं. भंडारा जिल्ह्यातल्या एका आडगावात वाढले, नर्सिंग शिकायला नागपूरला गेले आणि तिथून थेट दिल्ली. समुद्र मी आजतागायत पाहिलेला नाही. पण गणपतीपुळ्याला ओहोटी कधी बघावी, हे मी पन्नास जणांना सांगितलं असेल. युक्ती साधी होती. माणसं फिरून आली की त्यांना चहाला बोलवायचं आणि सगळं काढून घ्यायचं. मग पुढच्या गिऱ्हाइकाला तेच, जरा मीठ-मसाला लावून. एकट्या बाईच्या घरी लोक यायला काहीतरी निमित्त लागतं हो. माझं निमित्त महाराष्ट्र होतं.

तर केतकीलाही मी सुरुवात केली. वेरूळ भर दुपारी करू नका, दगड तापतात. कैलास लेणं आधी मागच्या टेकडीवरून बघा, मग खाली उतरा. लोणारला सरोवराच्या पाण्याचा वास येतो, नाक मुरडून परत फिरू नका, काठाकाठाने जुनी देवळं आहेत. नागपूरला गाडीतून उतरलात की तर्री-पोहे खा.

"तर्री म्हणजे?" विनीतने विचारलं.

"डोळ्यांतून पाणी आलं की समजायचं, हीच ती."

केतकी हसली. मी उठले, नकाशावरचा एक वाडगा उचलला आणि मोरीवर नेऊन विसळायला लागले. वाडगा स्वच्छच होता.

"आणि हे बघ," मी पाठमोरीच म्हणाले, "दिवाळीनंतर भंडाऱ्याकडे मंडई असते. वेळ असला तर तेवढी बघा."

"भाजी मंडई?"

"कर्म माझं! अगं, भाजीची नव्हे. जत्रेसारखी असते. भाऊबीज झाली की एकेक गाव आपापली मंडई भरवतं. आज या गावाची, उद्या त्या गावाची. सगळ्यांनी एकाच दिवशी भरवली तर एकमेकांकडे जेवायला जाणार कोण? गाई राखणारे गोवारी मोरपिसांची ढाल नाचवत येतात. रात्री नाचगाण्याची, सोंगांची दंडार होते. तलावातले ताजे शिंगाडे उकडून विकायला ठेवतात. लेकी माहेरी येतात, सोयरे येतात. आणि घराघरांत चूल दिवसभर विझत नाही. ओट्यावर कुणीही येऊन बसावं, पान वाढतात. तू कोण, कुठला, असं विचारून कुणी वाढत नाही."

"अरे वा! हे तर कुणीच सांगितलं नव्हतं. कुठलं गाव?"

"कोसमटोला," मी म्हणाले. किती वर्षांनी ते नाव तोंडातून निघालं होतं. "साकोलीहून बस आहे. नदी ओलांडली की पहिलंच गाव. त्यांची मंडई भाऊबीजेनंतर चौथ्या दिवशी. तलावाच्या पाळीला लागून कापगत्यांचं घर आहे. जेवायला तिथेच जा."

"ओळखीचे आहेत?"

"कुठली ओळख! लोक चांगले आहेत, असं ऐकून आहे."

कापगते म्हणजे माझं माहेर. डोमाजी कापगते माझा भाऊ. आई मी पाळण्यात असतानाच गेली. बाप शेतात राबायचा. मला न्हाऊ घातलं, शाळेत पोचवलं, नर्सिंगला नागपूरला आणून सोडलं, ते सगळं दादाने. आणि मी हॉस्पिटलातल्या एका गढवाली क्लार्कशी लग्न केलं. दादा दारात आडवा उभा राहिला होता. शिव्या नाही, मारहाण नाही. एवढंच म्हणाला, "जाशील तर जा. पण मंग या ओट्यावर पाय ठेवू नको." मी गेले. पहिली काही वर्षं राखी पाठवली. तिकडून काही आलं नाही, मग मीही पाठवणं सोडलं. नेगी साहेब चांगले होते. आम्हाला मूलबाळ झालं नाही. ते गेले, मी निवृत्त झाले, आणि घरात रेडिओ आणि मी उरलो.

या पोरीला तिकडे पाठवण्यामागे माझा हेतू एवढाच होता. दादा जिवंत आहे का, ते कळावं. आणि दिल्लीहून कुणी आलंय म्हटल्यावर त्याला माझी आठवण होते का, एकदा तरी माझं नाव तो घेतो का, तेही कळावं. सरळ सांगून पाठवलं असतं आणि त्याने पोरीला ओट्यावरून उठवलं असतं, तर मला ते सहन झालं नसतं. म्हणून हा आडमार्ग.

दिवाळी मी एकटीने केली. भाऊबीजेला शेजारच्या सरदारणीने मिठाई आणून दिली आणि म्हणाली, "तुम्हाला भाऊ नाही का हो?" मी म्हटलं, "आहे की. लांब आहे." मग चौथा दिवस उजाडला. सकाळपासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आता ते बसमध्ये असतील. आता नदी ओलांडली असेल. आता वहिनी भाताचं पातेलं उतरवत असेल. मोबाइल दोघांकडेही होता, पण मी फोन केला नाही. हात धजावला नाही.

केतकी परतली ती सामान खाली टाकून सरळ वर माझ्याकडेच आली. हातात शिंगाड्यांची पिशवी आणि चिन्नोर तांदळाचं गाठोडं. आल्या आल्या तिने मला मिठीच मारली.

"मावशी, तुम्ही किती वाईट आहात! सांगितलं का नाही?"

"काय सांगितलं नाही?"

"की ते तुमचं घर आहे म्हणून! मला तर तेव्हाच डाऊट आला होता. तुम्ही धुतलेला वाडगा धुवत होतात."

मी खुर्ची ओढून बसले. "बोल," म्हटलं, "पहिल्यापासून बोल."

"आम्ही ना, एक दिवस आधीच पोचलो. वेरूळला विनीतला ऊन लागलं, म्हणून लोणार कॅन्सल केलं. साकोलीत बसमध्ये कंडक्टरला म्हटलं, मंडई बघायची आहे. तो म्हणाला, बसा, उतरवतो. अगदी दारात उतरवलं हो! काय गर्दी, काय पाळणे! ती मोरपिसांची ढाल पण बघितली. ते आडनाव मी विसरले होते, म्हणून विचारलं, तलावाजवळचं मोठं घर कुठलं? लोकांनी दाखवलं. ओट्यावर बसलो, पान आलं. भात, लाखोरीची डाळ, वडे, झिंग्यांची भाजी. विनीतने तीनदा भात घेतला."

"आणि दादा?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तेच तर सांगतेय! एक म्हातारे बाबा वाढत होते. म्हणाले, कुठून आलात? मी म्हटलं, दिल्ली. म्हणाले, दिल्लीच्या माणसाला आमची मंडई कोणी सांगितली? मी म्हटलं, आमच्या एक मावशी आहेत, इकडच्याच. मावशी, त्यांच्या हातातलं पातेलं खाली पडलं. खरंच पडलं! म्हणाले, किती वर्षांची आहे? मी म्हटलं, साठीच्या आहेत. एकटी आहे का? हो म्हटलं. नाव विचारलं, मी नेगी सांगितलं. मग ते विनीतला म्हणाले, लग्नानंतर आडनाव बदललं असेल. आणि मला हात धरून घरात नेलं, एकदम चुलीजवळ. म्हणाले, पाहुणा ओट्यावर जेवतो, घरची लेक चुलीजवळ जेवते. तू तिच्याकडून आलीस, तू चुलीजवळ बस. आणि मग इतके रडले, मावशी. मी पण रडले."

मीही रडतच होते. चाळीस वर्षं कुठे कोंडून ठेवलं होतं, कोण जाणे. केतकीने माझा हात हातात घेतला.

"त्यांनी निरोप दिलाय. मी पाठ केलाय त्यांच्याच भाषेत. म्हणाले, तिले सांगजो, जे झालं ते झालं. बाप गेला, त्याच्यासंगं त्याचा रागही गेला. दार उघडं आहे. दर मंडईले मी वाट पाहतो. अन् सांगजो, माय मरेपर्यंत तुझंच नाव घेत होती. भात वाढताना तुझं ताट अगोदर मांडायची."

मी हात सोडवून घेतला.

"काय झालं?"

"काही नाही. फोटो आहेत का?"

तिने कॅमेरा काढला. त्या इवल्याशा पडद्यावर एक वाळलेला, उंच म्हातारा केतकीच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. मी चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिलं. माणूस वयाने बदलतो, बुटकाही होतो, हे मला नर्सला कुणी सांगायला नको. पण माणूस म्हातारपणी उंच होत नाही. माझा दादा माझ्याएवढाच होता. आणि माय मरेपर्यंत माझं नाव कशी घेईल? तिने माझं नाव ठेवलं तेवढंच.

"बस नदीवरून गेली का गं?" मी विचारलं.

"नदी? नाही, नदी तर पुढे दिसत होती लांब. का?"

म्हणजे ते पळसपाणी. नदीच्या अलीकडचं गाव. त्याची मंडई आमच्या आदल्या दिवशी असते. तिथेही तलाव आहे, तिथेही पाळीवर घर आहे. आमच्याकडे तलाव नाही, असं गावच नाही, हे मी दिल्लीतल्या पोरीला सांगायलाच विसरले होते. आणि त्या घरातूनही एक लेक निघून गेलेली होती. त्या म्हाताऱ्याने वर्षानुवर्षं सांभाळलेला निरोप तिच्यासाठी होता. तो चुकून माझ्याकडे आला होता.

"काही नाही," मी म्हटलं. "चहा टाकते."

तिला मी काही सांगितलं नाही. ती इतकी आनंदात होती की बस्स. सगळ्या इमारतीला सांगत सुटली की मी मावशीला तिचा भाऊ मिळवून दिला. लोक पेढे मागायला लागले. मी दिले.

पण ते वर्ष मला फार जड गेलं. रात्री भात वाढून घेताना त्या दुसऱ्या बाईचा विचार यायचा. ती कुठे असेल? तिला कुणी सांगणारच नाही की दार उघडं आहे. आणि तो म्हातारा आता जास्तच वाट बघत असेल, निरोप पोचला म्हणून. खरं सांगते, नुसती दया नव्हती ती. मला हेवा वाटायचा. माझी वाट बघणारं या जगात एक घर आहे, असं मला घटकाभर वाटून गेलं होतं, आणि ती चटक वाईट.

पुढच्या दिवाळीत मी तिकीट काढलं. "भावाकडे चाललात ना?" केतकी म्हणाली. मी म्हटलं, "हो."

बसमधून पळसपाण्याला उतरले तेव्हा मंडई भरात होती. पाळीवरच्या घरासमोर मी गेले. तो म्हातारा ओट्याच्या कडेला बसला होता, रस्त्याकडे तोंड करून. नऊवारीतल्या, पाचवारीतल्या, किती बाया येत-जात होत्या. मी थेट ओट्याकडे वळले, हातात पिशवी, तशी तो उठून उभा राहिला. मी जवळ आले. त्याने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि परत खाली बसला.

"या पाहुण्या," तो म्हणाला. "बसा. पान वाढतो."

"मी दिल्लीची," मी म्हटलं. "ती पोरगी गेल्या वर्षी आली होती, तिची मावशी मी."

त्याने पुन्हा माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"तिचा घोळ झाला हो. मी कोसमटोल्याची. तिला तिकडे पाठवलं होतं, ती इकडे उतरली. तुमचा निरोप मला मिळाला. पण तो माझा नव्हता."

म्हाताऱ्याचं नाव सदाराम शहारे. पोरं पिपाण्या वाजवत समोरून गेली. मग तो म्हणाला, "म्हंजे पार्बताले कोनी सांगितलंच नाही."

"नाही."

"आमच्या मंडईत नाटक आलं होतं. त्यातल्या पेटीवाल्यासंगं गेली ती. बापानं कुऱ्हाड घेतली होती. मी काही बोललो नाही. तवा बोलायले पायजे होतं." त्याने धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. "बाई, तुमी एवढ्या दूरून हे सांगाले आल्या?"

"तुम्ही फुकट वाट बघू नये म्हणून."

"वाट तं पाहीनच," तो म्हणाला. "ते काही सुटत नाही."

मग त्याने आत हाक मारली, "आयकलं का वं? बाईले चुलीजवळ बसव." मी म्हटलं, अहो मी पाहुणी, इथे ओट्यावर बरी. तर माझ्यावरच डाफरला. "माझ्या बहिनीचा निरोप वर्षभर सांभारला, अन् ओट्यावर जेवते म्हंते!" त्याच्या बायकोने मला पाट दिला. मी चुलीजवळ बसून जेवले. आयुष्यात इतका भात मी एका वेळी कधी खाल्ला नसेल.

जेवणानंतर त्याने विचारलं, "कोसमटोल्याच्या म्हंता. कोनाच्या?"

"डोमाजी कापगते माझा भाऊ."

"डोमाजी?" तो चमकला. "बजारात भेटते नेहमी. चांगला आहे तब्येतीनं. पन त्याले बहीन आहे? तो तं म्हंते, आपन एकटेच."

वर्षभर ज्याचं उत्तर हवं होतं, ते मिळालं होतं. सदारामही समजला. घाईघाईने म्हणाला, "अवं, मानूस बोलते एक, अन् पोटात असते एक. उद्या त्याची मंडई आहे. आज आमच्याकडं मुक्काम करा. उद्या मी येतो संगं. चौकात थांबीन, तुमी घरी जा. मंडईले आलेल्या मानसाले कोनी परत धाडत नाही."

त्याच्या बोलण्यात मला जरा त्याचाच स्वार्थ दिसला. माझ्या भावाने मला घरात घेतलं, तर आपली बहीणही परत येईल, अशी आशा त्याला धरता आली असती. पण मला तरी दुसरं काय हवं होतं? मी राहिले.

दुसऱ्या दिवशी बस नदीवरून गेली. पुलावरून आमचा तलाव दिसला, पाळीवरची मोहाची झाडं दिसली. सदाराम चौकात एका शिंगाडेवाल्याजवळ बसला. मी एकटी पाळीने गेले.

घर तेच होतं, वर मातीच्या कवेलूंच्या जागी पत्रे आले होते. ओट्यावर पंगत बसली होती. दादा पातेलं घेऊन वाढत होता. केस पांढरे, पाठ जरा वाकलेली, पण तोच. मी पायरीशी उभी राहिले. त्याने मान वर केली.

त्याने मला ओळखलं. त्यात शंकाच नाही. हातातली पळी तशीच हवेत राहिली आणि चेहऱ्यावरचा रंग उतरला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने मान खाली घातली, समोरच्या माणसाच्या पानात डाळ वाढली आणि पळीकडे बघतच म्हणाला, "या पाहुण्या. कोन्या गावच्या?"

मी म्हणू शकले असते, दादा, मी वच्छला. शेजारी चार गावची माणसं बसली होती. सगळ्यांनी ऐकलं असतं. पण त्याने विचारलं होतं आणि त्याला कुठलं उत्तर हवंय, तेही मला कळत होतं.

"दिल्लीची," मी म्हणाले. "महाराष्ट्र बघायला आले."

"बसा," तो म्हणाला.

ओट्याच्या कडेला जागा होती. पान मांडलं गेलं. आतून एक तरुण सून डोकावली, म्हणाली, "एकट्या बाई आहेत मामाजी, आत घेऊ का?" दादा म्हणाला, "पाहुण्या आहेत. इथंच वाढ." पण वाढलं त्याने स्वतःच. भात, डाळ, वडे. भातावर तूप जरा जास्तच पडलं.

मी जेवत असताना तो बाजूच्या खांबाला टेकून उभा राहिला, आणि कुणाला तरी सांगावं तसं समोर बघत सांगायला लागला. "आल्याच आहात तं तलाव पाहून घ्या. सांजेले बगळे येतात, फार येतात. पाळीच्या टोकाले महादेवाचं देऊळ आहे, जुनं. त्याच्या मांगं शाळा आहे, ते आता नवी झाली. अन् ते मोहाचं झाड, त्याच्याखाली दंडार होते." मी एकेक घास गिळत होते. त्यातली एकेक जागा त्यानेच मला हात धरून दाखवलेली होती. "बस, एवढंच," तो म्हणाला. "आमच्या गावात पाहासारखं आनखी काही नाही." मग जरा थांबून, अगदी खालच्या आवाजात, "सांजेच्या अगोदरची बस धरा. मंग गाडी भेटत नाही."

मी पान उचललं. पाहुण्याने उचलायचं नसतं, पण उचललं. हात धुतले. जाते म्हटलं. त्याने मान हलवली. मी पाळीवरून वळेपर्यंत तो तिथेच खांबाशी उभा होता, एवढं मी पाहिलं. दादा मला विसरला नव्हता. विसरला असता तर बरं झालं असतं.

चौकात सदाराम शिंगाड्याच्या दुकानाजवळून ताडकन उठला. लांबूनच विचारलं, "भेटला?"

"भेटला."

"जेवू घातलं?"

"घातलं. स्वतः वाढलं."

तो जवळ आला. माझ्या तोंडाकडे बघत त्याने विचारलं, "कोठी बसवलं, बाई? ओट्यावर का आत?"

त्याचे डोळे मी पाहिले.

"आत," मी म्हणाले. "चुलीजवळ."

"पाहा!" त्याने जोरात टाळीच वाजवली. शिंगाडेवाला वळून बघायला लागला. "मी म्हनत नव्हतो? रक्त कुठं जाते! मंग आमची पार्बताही येईल. आज ना उद्या येईल का नाही?"

"येईल की," मी म्हणाले. "न यायला काय झालं?"

तो बसमध्ये सगळ्या वाटेने पार्बताच्या लहानपणच्या गोष्टी सांगत होता. मी हूं हूं करत ऐकत राहिले.